रक्त येईपर्यंत

बाबा, तुम्ही गेल्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी घराच्या ओट्यावर वारलात. कारण हृदयविकार. चहा पिऊन झाला होता, कप विसळायचा राहिला होता. आई आत भाकरी थापत होती. तिनं हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. खामगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं. मी अकोल्याहून पोचले तेव्हा दुपार झाली होती.

तुमची मृत्युवार्ता मीच लिहिली. निवृत्त लाईनमन, वय, पश्चात पत्नी आणि मुलगी, अंत्यसंस्कार कुठे झाले. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसणारा माणूस अशा ओळी रोज लावतो. त्या ओळींत न बसणारा मजकूर इथं लिहिते आहे. त्यातला बराचसा एका वादाचा आहे, आणि तो वाद आपण कधीच संपवला नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारासमोर मांडव घातला होता. तुमच्यासोबत खांबांवर चढलेले एक काका माइकवर आले आणि त्यांनी कोहळ्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, निदान त्या दिवशी ती कोणी सांगणार नाही.

गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. आई पोटुशी होती आणि सूर्यग्रहण होतं. ग्रहणात गरोदर बाईनं चिरायचं नाही, कापायचं नाही, अंधाऱ्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसायचं. नाहीतर त्या कापण्याची खूण बाळाच्या अंगावर येते. हे पाळू नका, असं विहारात सांगून झालं होतं. तरी आपल्या वस्तीतल्या बायका पाळत होत्या आणि पलीकडच्या शेतकऱ्यांच्या घरांतल्या बायका तर पाळतच होत्या. तुम्ही खामगावच्या बाजारातून कोहळं आणलं, ओट्यावर ठेवलं, शेजारी विळी मांडली आणि अख्ख्या गल्लीसमोर आईला म्हणालात, "काप." कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही, हाही गावातला एक नियम. तुम्ही एका दगडात दोन नियम मारले.

आपल्या वस्तीच्या तोंडाशी घर असलेल्या सुमनकाकू तेव्हा रस्त्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लाईनमन, कोहळं तुमचं, बायको तुमची. पण भोगन ते लेकरू."

तुम्ही म्हणालात, "वहिनी, ग्रहणात तुमच्या घरी बल्ब लागते की नाही? थो मीच लावला. काई झालं काय त्याले?"

लोक हसले. आईनं कोहळं कापलं, शिजवलं. तुम्ही दोनदा वाढून घेतलं. पुढं माझा जन्म झाला तेव्हा डाव्या कानशिलापासून पापणीसकट वरच्या ओठापर्यंत चेहरा लाल होता.

माइकवरचे काका म्हणाले, "असा धीराचा माणूस." मांडवातल्या लोकांनी माना डोलावल्या. मग, नेहमी पाहतात तसं, त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं पदर पुढं ओढून घेतला.

बाबा, तुम्ही बरोबर होतात. हे आधी लिहून ठेवते, कारण माझी सगळी अडचण तिथूनच सुरू होते. डागाचा कोहळ्याशी संबंध नव्हता. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मापासून रुंद असतात, त्यांत रक्त जास्त साठतं, ते वरून लाल दिसतं. आईनं काय कापलं, काय खाल्लं, कुठे बसली, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. तुम्ही चुकीचे असता तर मी तुमच्यावर सरळ रागावू शकले असते.

मी तिसरीत असताना तुम्ही मला अकोल्याच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. आईनं खूप दिवस मागं लागून ते करून घेतलं होतं. डॉक्टरांनी गालावर काचेची पट्टी दाबून पाहिली. दाबलं की लाल जायचं, सोडलं की परत यायचं. ते म्हणाले, मुंबईला लेझर मिळतो, आत्ता त्वचा पातळ आहे, आत्ता सुरू केलं तर चांगलं फिकं होतं. वय वाढेल तसा डाग गडद आणि जाड होत जातो.

तुम्ही विचारलं, "आता दुखते काय तिले?"

"नाही."

"रक्त येते?"

"आत्ता नाही येत."

"मंग इलाज कशाचा कराचा?"

डॉक्टर म्हणाले, "अहो, मुलीची जात आहे. चेहरा आहे."

ते वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. तुम्ही खुर्चीवरून उठलात. "मुलीची जात म्हंजे काय, डॉक्टर साहेब?" उत्तराला न थांबता तुम्ही माझा हात धरून निघालात. बाहेर रस्त्यावर तुम्ही मला उसाचा रस पाजला. म्हणालात, "तुह्या तोंडाले काई झालं नाही. समजलं?"

मी म्हटलं, "हाव."

मला समजलं होतं. माझ्या तोंडाला काही झालेलं नव्हतं, आणि सगळे त्याच्याकडेच पाहत होते. दोन्ही खरं होतं. पुढची सगळी वर्षं मी या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहिले. ती जागा फार मोठी नव्हती.

एप्रिलमधल्या जयंतीला विहारासमोर तुम्हीच दिवे लावायचात. खांबावरून वायर ओढायची, दोन बांबूंवर दोन हॅलोजन बांधायचे, एक व्यासपीठावर, एक लोकांवर. दर वर्षी पहिलं भाषण माझं असायचं. दिव्याखाली उभं राहिलं की गाल तापायचा आणि डाग आणखी लाल व्हायचा, उष्णतेनं होतो. मी उजवीकडे तोंड वळवलं की खालून तुमचा आवाज यायचा, "समोर पाह्य, समोर." एकदा मी घरी आल्यावर म्हटलं, माझ्यावरचा हॅलोजन थोडा बाजूला बांधा. तुम्ही पकड पिशवीत ठेवत म्हणालात, "लोक भाषण ऐकाले येतात. तोंड पाहाले येत नाही."

भाषणं मला चांगली जमायची. त्याबद्दल तुमची ऋणी आहे, हेही खरं आहे. माइकसमोर मी आजही अडखळत नाही. पण लोक काय पाहायला यायचे ते मला वरून दिसायचं. तुम्ही दिव्याच्या मागं उभे असायचात.

स्थळं येऊ लागली तेव्हा तुम्ही आधीच फोनवर सांगायचात, "पोरीच्या तोंडावर डाग हाय. ग्रहणाचा नाही, रक्तवाहिन्यायचा हाय." समोरचे लोक 'बरं, कळवतो' म्हणायचे. त्यांनी ग्रहणाचं नावही काढलेलं नसायचं. एकांनी चहा पिता पिता विचारलं, पुढं लेकराबाळांना होईल का. तुम्ही त्यांना एवढं समजावून सांगितलं की त्यांचा चहा गार झाला. ते गेल्यावर मी कप उचलत म्हटलं, "बाबा, डाग माझ्या तोंडावर आहे आणि वाद तुमचा." तुम्ही म्हणालात, "वाद सगळ्यायचा हाय." मी पुढं बोलले नाही. त्या वेळी बोलायला हवं होतं की नाही, ते आज ठरवता येत नाही.

वऱ्हाडातला उन्हाळा मला आवडतो, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मार्चपासून इथली प्रत्येक मुलगी गाडीवर बसताना दुपट्ट्यानं तोंड असं गुंडाळते की फक्त डोळे दिसतात. तेवढे महिने अकोल्याच्या रस्त्यावर मी कोणीही असायची. पावसाळा लागला की दुपट्टे सुटायचे आणि मी परत मी व्हायची.

पुढं डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. तिशी जवळ आली तसा डाग जांभळ्याकडे झुकला, ओठ एका बाजूनं जाड झाला, त्यावर बारीक पुटकुळ्या आल्या. एका सकाळी तोंड पुसताना पुटकुळी फुटली आणि टॉवेल लाल झाला. रक्त बराच वेळ थांबेना. मी गावी आले होते. तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही टॉवेल पाहिला, मला पाहिलं.

"कधीपासून येऊन राह्यलं?"

"दिवाळीपासून."

"काऊन नाही सांगतलं?"

तुम्ही आत गेलात, बाहेर आलात, पुन्हा आत गेलात. मग म्हणालात, "रक्त येते तर दुखणं हाय. दुखण्याचा इलाज कराच लागते. नागपूरले चाल."

आईनं भिंतीला हात टेकवला. मी एवढंच टिपलं की तुम्ही हलायला रक्त यावं लागलं. इतक्या वर्षांत तुमच्या तत्त्वात माझ्यासाठी एकच दार होतं आणि त्याची कडी आतून तुमच्याच हातात होती.

नागपूरला लेझरच्या सिटिंगना तुम्ही प्रत्येक वेळी आलात. तुम्ही शेगावला गाडीत बसायचात, मी अकोल्याला त्याच डब्यात चढायचे. पहिल्यांदा दवाखान्यात तुम्ही लेझरच्या खोलीबाहेर तंत्रज्ञाला गाठलंत. आत मला झोपवलं होतं. डोळ्यांवर, पापण्यांच्या खाली, धातूच्या छोट्या वाट्या बसवल्या होत्या, कारण डाग पापणीपर्यंत येतो. वाट्या बसल्या की पूर्ण अंधार होतो. डोकं हलवायचं नाही, बोलायचं नाही. त्या अंधारात दाराबाहेरून तुमचा आवाज आला.

"स्टॅबिलायझर किती केव्हीएचा हाय?"

"काका, तुम्ही बसा ना बाहेर."

"बाहेरच हावो. लाईट गेली तं? इन्व्हर्टरवर चालते काय हे?"

"नाही जात लाईट इथं."

"सगळेच असं म्हणतात, बाप्पा. मी पस्तीस वर्षं ऐकलं."

मला हसू आलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हलू नका. मग पहिला ठोका बसला. रबराची पट्टी ताणून गालावर सोडावी तसा, त्याआधी गार फवारा, त्यानंतर जळका वास. एकामागून एक. लेझरचा प्रकाश रक्ताचा लाल रंग शोधतो, त्यात शिरतो, वाहिनी आतून बंद करतो, वरची कातडी बरीचशी राखतो, असं त्यांनी आधी समजावलं होतं. पडल्यापडल्या मला तुमचे हॅलोजन आठवत होते. तिथंही मान हलवायची नसायची.

पुढच्या वेळेला तुम्ही मॅडमना विचारून आत आलात. तुम्हालाही चष्मा दिला. बाकी सगळं झाकलेलं होतं म्हणून तुम्ही माझा घोटा धरलात. शेवटच्या ठोक्यापर्यंत तो हात तिथंच होता. त्याबद्दल आपण एकमेकांशी कधी काही बोललो नाही.

सिटिंगनंतर गालावर काळेनिळे ठिपके उठायचे, डोळा सुजायचा, आणि ऊन लागू द्यायचं नाही असं सांगितलेलं. परतीच्या गाडीत तुम्ही चढण्याआधी उभं राहून सूर्य पाहायचात. दुपारी नागपूरहून अकोल्याकडे जाताना ऊन डाव्या खिडक्यांतून येतं. तुम्ही मला उजवीकडची खिडकी द्यायचात, स्वतः डावीकडे बसायचात. एकदा उजवीकडे एक भरल्या अंगाचे गृहस्थ बसले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "भाऊ, तिकडून सरका. इकडं हवा लय हाय." ते सरकले आणि वर्ध्यापर्यंत घाम पुसत राहिले.

त्याच गाडीत तो वाद एकदा तोंडावर आला. बडनेरा गेलं होतं. मी म्हटलं, "तिसरीत असताना डॉक्टर हेच सांगत होते."

तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. "तवा रक्त येत नव्हतं."

"रक्त येईपर्यंत थांबायचं कोणी ठरवलं?"

डब्यातली एक बाई आपल्याकडे पाहू लागली. तुम्ही आवाज खाली आणलात. "माय, तवा जर मी तुले मुंबईले नेलं असतं, तं अख्खं गाव म्हणलं असतं..."

"काय म्हणलं असतं?"

चहावाला आला. तुम्ही दोन चहा घेतले, एक माझ्याकडे दिलात, आणि म्हणालात, "गरम हाय, ओठाले सांभाळ." ते वाक्य तिथं तुटलं. नंतर मूर्तिजापूर आलं, मग अकोला. मी उतरले.

कानशिलावरचा डाग पुष्कळ फिका झाला. गालावरचा थोडा. ओठावरचा जाड भाग खाली बसला, रक्त थांबलं, रंग राहिला. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की पूर्ण जाईल असं नाही. एका तपासणीला त्या बोलता बोलता म्हणाल्या, "लहानपणी सुरू झालं असतं तर..." आणि तुमच्याकडे पाहून थांबल्या.

तुम्ही विचारलं, "तर किती टक्के गेला असता?"

"तसं सांगता येत नाही, काका."

"अंदाजे?"

"प्रत्येकाचं वेगळं असतं."

पुढच्या सिटिंगला तुम्ही पुन्हा विचारलंत. त्याच्या पुढच्याही. शब्द तेच, उत्तर तेच. मी चप्पल घालत होते आणि ऐकत होते. तुम्हाला त्या आकड्याचं काय करायचं होतं, हे मी विचारलं नाही.

त्याच दवाखान्यात माझ्या डाव्या डोळ्याचा दाब वाढलेला निघाला. असा डाग पापणीवर असेल तर डोळ्यावर दाब येऊ शकतो आणि तो लहानपणापासून तपासत राहावा लागतो, असं कळलं. आपल्याकडे कोणी तपासलेला नव्हता. रोज थेंब घालायचे आहेत, कायमचे. त्या दिवसापासून संध्याकाळी पान लावायच्या गर्दीत तुमचा फोन यायचा. "टाकले काय थेंब?" "टाकले." "बरं." एवढंच. सहकारी हसायचे. आता त्या वेळेला फोन येत नाही आणि मी थेंब उशिरा घालते.

तुम्ही गेल्यानंतर एका दुपारी मी आईला ते तुटलेलं वाक्य विचारलं. गाव काय म्हणलं असतं? ती लसूण सोलत होती.

"म्हणलं असतं, पाप धुवाले गेले," ती म्हणाली. "कोहळं कोनं कापलं? मी. पाप कोनाचं झालं असतं?"

"तुझं नव्हतं, आई."

"थे तुले मालूम हाय. तुह्या बाबाले मालूम होतं." तिनं पाकळ्या ताटलीत टाकल्या. "थे मले वाचवून राह्यले होते. तुले नेलं असतं तं मी पापी ठरली असती. नाही नेलं तं..." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मी रोज म्हणो, न्या. अन् रोज मनात म्हणो, नोका नेऊ."

बाबा, या माहितीचं मी काय करावं हे मला कळत नाही. तुम्ही नुसतं तत्त्व सांभाळत होतात असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तेवढ्यावर रागावता येत होतं. आता तिथं आई बसली आहे, लसूण सोलत.

आता शेवटचा भाग.

या वर्षी सुमनकाकूंची सून वैष्णवी पोटुशी असताना चंद्रग्रहण झालं. काकूंनी तिला कडी लावून खोलीत बसवलं, खिडकीला चादर लावली, हातात सुईसुद्धा येऊ दिली नाही. मुलगी झाली. तिच्या उजव्या डोळ्याभोवती, कानशिलापर्यंत, लाल डाग होता.

आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी लगेच तुम्हाला फोन द्यायला सांगितलं. मी म्हटलं, "आता जा आणि सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"तुम्ही बरोबर होतात म्हणून. त्यांनी तर काहीच कापलं नव्हतं."

तुम्ही म्हणालात, "थे लेकरू हाय, माय. बातमी नाही." आणि लगेच, "टाकले काय थेंब?"

आपलं यावरचं बोलणं तिथं संपलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही वारलात.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सुमनकाकू आईला भेटायला आल्या. जाताना त्यांनी मला ओट्यावर थांबवलं. म्हणाल्या, "तुहे बाबा आलते आमच्या घरी. बाळ पाह्यलं. मले वाटलं आता मले जुनं सगळं सुनावतात. मी तयारच बसली होती. पण नाही बोलले. म्हणे, वहिनी, पहिले इचा डोळा दाखवा, मंग नागपूर. लोकायकडं पाहू नका. मी थांबलो."

मी विचारलं, "मी थांबलो, असंच म्हणाले?"

"हाव."

"हेच शब्द?"

"हेच. काऊन व?"

"पुढं काही म्हणाले?"

"पुढं पाणी मांगतलं."

मी वैष्णवीकडे गेले. ती म्हणाली, काका आले होते, दवाखान्याचं बोलत होते, एवढं खरं. पण ती आत बाळाला पाजत होती. ते वाक्य तिनं ऐकलं नाही. काकूंचा मुलगा शेतात होता. म्हणजे त्या वाक्याला एकच स्रोत आहे, आणि तोही भेटायला आलेला माणूस. भेटायला आलेला माणूस दोन शब्द आपल्याकडून घालतो, त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. आमच्या डेस्कवर अशा वाक्याच्या शेवटी 'असे कळते' असं लावतात. मी थांबलो, असं तुम्ही म्हणाल्याचं कळतं. याहून पुढं मला जाता येत नाही. तुम्ही ते मला म्हणाला नाहीत. माझा घोटा धरून उभे होतात तेव्हा म्हणता आलं असतं; पण तेव्हा माझ्या डोळ्यांवर वाट्या होत्या आणि मी बोलू शकत नव्हते, म्हणून कदाचित तुम्हाला तशा वेळी म्हणणं बरं वाटलं नसेल. हा माझा अंदाज आहे. अंदाज छापत नाहीत.

काकू सांगून गेल्या, पण बाळाला नेलं गेलं नव्हतं. तुमच्यानंतर कोणी पुढं झालं नाही. वैष्णवीची नणंद म्हणाली, मोठी झाली की पाहू. मुलगा म्हणाला, सोयाबीन निघू द्या. काकू म्हणाल्या, दुखत तर नाही ना तिला. ते वाक्य मी त्यांच्या ओसरीवर उभी राहून ऐकलं. मी म्हटलं, "काकू, माझा डोळा पाहा." त्यांनी पाहिला. रोज थेंब कशाला घालावे लागतात ते मी सांगितलं. त्या बाळाकडे पाहत राहिल्या. मग बाळाचं टोपडं सारखं करून त्याला आत घेऊन गेल्या.

तुमचा फोन आईनं टीव्हीजवळ चार्जिंगला लावून ठेवला आहे. बंद करू देत नाही. गेल्या आठवड्यात सकाळी तो वाजला. मी घरी होते, मी उचलला. नागपूरच्या दवाखान्यातून एक मुलगी बोलत होती.

"बाळाचे आजोबा आहेत का?"

मी विचारलं, कोणत्या बाळाचे.

तिनं वैष्णवीचं नाव आणि गाव सांगितलं. "सोमवारची वेळ दिली होती, येताय ना ते विचारायचं होतं. आधी डोळा तपासायचा, मग मॅडम पाहतील. आजोबांनीच घेतली होती वेळ. मी घेऊन येतो म्हणाले होते."

"कधी घेतली होती?"

तिनं पाहून सांगितलं. तारीख तुम्ही वारण्याच्या आधीची होती.

मी म्हटलं, "येतो आम्ही."

तिथून सरळ सुमनकाकूंच्या घरी गेले. काकू अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मी फोनवरचं सांगितलं, आजोबा या शब्दासकट. त्यांचा हात सुपात थांबला.

"आजोबा म्हणले थे?"

"दवाखान्यात तसं सांगितलेलं आहे."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि घरात पाहून आवाज दिला, "वैष्णवे, सोमवारी लवकर उठ."

सोमवारी शेगावहून गाडी पकडली. बाळ, वैष्णवी, सुमनकाकू आणि मी. बाळाच्या डोळ्याचा दाब सामान्य निघाला. दर काही महिन्यांनी तपासायला सांगितलं आहे. मॅडमनी काचेची पट्टी दाबून डाग पाहिला आणि म्हणाल्या, वेळेवर आणलं. पहिली सिटिंग त्याच दिवशी झाली. बाळ रडलं, मग आईजवळ दूध पिऊन झोपलं. परतताना फलाटावर ऊन होतं. आम्ही डब्यात उजवीकडची खिडकी घेतली. काकू डावीकडे बसल्या.